सुई, मेंदू आणि एमआरआय: विताली नॅपॅडो यांची वाटचाल

चुंबकवाला

आमच्या एमआरआय विभागात रुग्णाच्या साडीची पिनसुद्धा दाराबाहेर उतरवून घेतात. त्यामुळे माणसाला सुया टोचून, त्या सुयांमधून वीज सोडून, त्याच अवस्थेत स्कॅनरमध्ये सरकवणारे लोक जगात आहेत हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा आधी मला ती थापच वाटली. थाप नव्हती. सुया साध्या पोलादाच्या नसतात, चुंबकाला न लागणाऱ्या टायटॅनियमसारख्या धातूच्या असतात. आणि हे काम बोस्टनमध्ये वर्षानुवर्षं करत आलेल्या माणसाचं नाव विताली नॅपॅडो. त्यांच्यावर मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

नॅपॅडो मुळात यंत्र अभियंते. कॉर्नेलला मेकॅनिकल शिकले, मग हार्वर्ड आणि एमआयटीच्या संयुक्त कार्यक्रमातून पीएचडी केली. संशोधनाचा विषय जीभ! घास गिळताना जिभेचे स्नायू आतल्या आत कसे वळतात, कुठे आकसतात, कुठे ताणले जातात, ते एमआरआयने मोजायचं. (चिनी वैद्य निदानासाठी रुग्णाची जीभ बघतात. हा निव्वळ योगायोग, पण मला भारी वाटला.) त्याच सुमारास त्यांनी न्यू इंग्लंड स्कूल ऑफ ॲक्युपंक्चरमध्ये रीतसर पदव्युत्तर शिक्षण घेतलं. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या ॲक्युपंक्चर शाळांपैकी ती एक. म्हणजे एकीकडे चुंबकीय अनुनादाची गणितं आणि दुसरीकडे नाडी बघणं, बिंदू शोधणं, सुई फिरवणं. पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये मेंदूच्या प्रतिमांवर काम, हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापकी, आणि आता स्पॉल्डिंग या पुनर्वसन रुग्णालयात जुनाट वेदनांवरच्या संशोधन केंद्राचं संचालकपद.

मला त्यांचं सगळ्यात आवडतं काम मनगटाचं आहे. कार्पल टनेल सिंड्रोम बऱ्याच जणांना माहीत असेल. मनगटातल्या बोगद्यात मीडियन नावाची नस दाबली जाते, मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात, रात्री जाग येते. आपण म्हणतो नस दाबली, म्हणजे दुखणं मनगटात. नॅपॅडोंच्या गटाने दाखवलं की ते तेवढ्यावर थांबत नाही. मेंदूच्या स्पर्श ओळखणाऱ्या पट्ट्यात प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. या रुग्णांमध्ये तर्जनी आणि मधल्या बोटाच्या जागा एकमेकींजवळ सरकलेल्या, एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. दोन्ही बोटांतून सतत एकाच वेळी मुंग्यांचे संदेश येत राहिले, तर मेंदूला ती दोन निराळी बोटं आहेत हे ओळखणं जड जातं.

मग २०१७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला. ८० रुग्ण, तीन गट. एकाला दुखऱ्या मनगटापाशी विद्युत-ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला दूरवर, विरुद्ध बाजूच्या घोट्यापाशी, आणि तिसऱ्याला खोटं, म्हणजे त्वचेत न शिरणाऱ्या सुया. आठ आठवड्यांत १६ वेळा उपचार. त्रास कमी झाल्याचं तिन्ही गटांनी सांगितलं. खोट्यानेही! पण नसेतून संदेश जाण्याचा वेग सुधारला आणि मेंदूतल्या त्या दोन बोटांमधलं अंतर वाढलं, ते खऱ्या सुयांच्या गटांतच. आणि ज्यांच्या मेंदूत हे अंतर जास्त वाढलं, त्यांना तीन महिन्यांनंतरही आराम टिकलेला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे. हा माणूस सुई हातात धरायला शिकला, आणि त्याच सुईला खोट्या सुईशेजारी उभं करून मोजायलाही शिकला. मोजमापातून आलेलं उत्तर ना भक्तांना पुरतं, ना टीकाकारांना. असं काम आपल्याकडे का होत नाही, यावर बोलू.

शेंगदाणा

पहिला मी. जागा धरून ठेवतो. भूलवाला डॉक्टर आता येतीलच हातात कोयता घेऊन. :)

भूलवाला

आलोच, पण कोयता घरी ठेवून. नाशिकला भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे वेदना हाच माझा रोजचा धंदा.

चुंबकवाला, धागा चांगला आहे, पण तुम्ही एक वाक्य पटकन ओलांडून गेलात. ‘तिन्ही गटांनी सांगितलं.’ रुग्ण माझ्याकडे मेंदूतलं अंतर वाढवून घ्यायला येत नाही, तो हात दुखतो म्हणून येतो. तो हात खोट्या सुईनेही तेवढाच बरा वाटत असेल, तर बाकी सगळी चित्रं सुंदर असून उपयोग काय? आणि या अभ्यासात काहीच उपचार न केलेला गट नव्हता. आठ आठवड्यांत आपोआप किती जणांना बरं वाटलं असतं ते कसं कळणार?

दुसरं उदाहरण जर्मनीचं. पाठदुखीवरची मोठी चाचणी, ११६२ रुग्ण, २००७ साली प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना फायदा, खोट्याने ४४.२ टक्क्यांना. आणि औषधं, व्यायाम वगैरे नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. यातून दोन गोष्टी निघतात. सुई कुठे टोचली याला फारसं महत्त्व नाही, आणि आमचे नेहमीचे उपचारही काही फार दिवे लावत नाहीत. दुसरी गोष्ट मी माझ्या सहकाऱ्यांसमोर मोठ्याने बोलत नाही.

आणि मेंदूच्या रंगीत चित्रांबद्दल सावध राहा. १९९८ मध्ये असाच एक गाजलेला शोधनिबंध आला होता. पायाच्या करंगळीजवळच्या डोळ्यांसाठीच्या बिंदूवर सुई टोचली की मेंदूचा दृष्टीचा भाग उजळतो म्हणे. जगभर बातम्या झाल्या. २००६ मध्ये लेखकांपैकी बहुतेकांनी तो निष्कर्ष मागे घेतला. अमुक बिंदूचं अमुक इंद्रियाशी नातं, ही गोष्ट वेदनेच्या बाबतीत तरी टिकत नाही, असं त्यांनीच लिहिलं.

चुंबकवाला

डॉक्टर, काही न करणारा गट नव्हता हा मुद्दा बिनतोड. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, त्या अभ्यासाकडेही नाही.

पण ‘खोटी सुई’ म्हणजे साखरेची गोळी नव्हे. ती सुई जादूगाराच्या सुरीसारखी मागे सरकते, टोक बोथट असतं, पण त्वचेला टोचल्याचा भास होतो आणि स्पर्श तर होतोच. त्वचेत हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारे मज्जातंतू असतात, ते मेंदूला संदेश पाठवतात. त्यात अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं. म्हणजे तुलना ‘काहीतरी’ विरुद्ध ‘काहीच नाही’ अशी नसून ‘काहीतरी’ विरुद्ध ‘थोडं कमी काहीतरी’ अशी आहे.

मोठ्या आकड्यांत हाच फरक दिसतो. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून एक विश्लेषण झालं. पाठ, मान, गुडघा, डोकेदुखी अशी जुनाट दुखणी. खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली, पण थोडीच. उपचार न घेणाऱ्यांपेक्षा मात्र बरीच. आणि वर्षभरानंतरही बराचसा परिणाम टिकून होता. नुसत्या मनाच्या समजुतीचा खेळ असता तर वर्षभर टिकला असता का, हा माझा तुम्हाला प्रश्न.

१९९८ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. ‘बिंदू दाबला, दिवा लागला’ छापाचं काम नॅपॅडोंनी केलेलं नाही. मनगटाच्या अभ्यासात आधी रोगाची खूण शोधली, ती नसेतही मोजता येते आणि मेंदूतही, आणि मग सुईने ती खूण हलते का ते पाहिलं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

मनगट_दुखी

नावावरूनच कळलं असेल. :( दोन्ही हातांना कार्पल टनेल आहे. दिवसभर संगणक आणि सकाळ-संध्याकाळ पोळ्या. रात्री हात झटकत उठते. ॲक्युपंक्चर घेतलं, काही आठवडे खूप बरं वाटलं, मग पुन्हा सुरू झालं. इथल्या डॉक्टरांना विचारते, ऑपरेशन टाळता येईल का?

भूलवाला

ताई, इथे बघून सांगता येणार नाही, पण एक गोष्ट नक्की करा. नसेच्या वेगाची चाचणी करून घ्या आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग नीट बघा. तो खोलगट झाला असेल किंवा वस्तू हातातून निसटत असतील, तर सुया, पट्टे, तेल सगळं बाजूला ठेवून हाताच्या सर्जनकडे जा. ऑपरेशन छोटं असतं. नस फार काळ दाबून राहिली तर नंतर सोडवूनही पूर्ण परतत नाही. त्रास सौम्य असेल तर रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा हा पहिला उपाय, स्वस्त आणि निरुपद्रवी. सोबत सुया घ्यायच्या तर घ्या, माझी हरकत नाही. बघा, मी एवढाही खडूस नाही.

पेठेतला

हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच की. सुश्रुतसंहितेत मर्मस्थानं आहेत, सिरावेध आहे. चिन्यांनी इथूनच नेलं आणि आता अमेरिकन आपल्याला शिकवणार.

जुना_वाचक

पेठेतले साहेब, सिरावेध म्हणजे शीर उघडून रक्त काढणं. आणि मर्मस्थानं सुश्रुतांनी सांगितली ती प्रामुख्याने शस्त्र लागलं तर जीव जाईल, म्हणून जपायच्या जागा या नात्याने. बारीक सुई खोचून ठेवून ती फिरवणं ही वेगळी गोष्ट. सुश्रुत इतके मोठे आहेत की त्यांच्या खात्यावर दुसऱ्यांचं जमा करायची गरज नाही.

आता मूळ विषयाला धरून. नॅपॅडोंच्या कितीतरी आधी सुई आणि विज्ञान यांच्यातला पूल बांधायला घेतला तो बीजिंगमध्ये, हान जीशेंग यांनी. त्यांची गोष्ट उलट्या टोकाची आहे. ते ॲक्युपंक्चर करणारे नव्हते, शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते आणि सुरुवातीला त्यांचा या प्रकारावर विश्वासही नव्हता. १९६५ मध्ये, सुया टोचून भूल देऊन शस्त्रक्रिया होतात असं म्हणतात, ते खरं का ते शोधा, असं वरून सांगण्यात आलं. त्यांनी सरळ मोजायला घेतलं. निरोगी माणसांच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातल्या हेगू बिंदूवर सुई, आणि अंगावर ठिकठिकाणी वेदना जाणवू लागते ती पातळी किती, त्याची नोंद. ती पातळी पहिल्या मिनिटाला उसळत नाही, हळूहळू चढते. सुई काढल्यावर लगेच कोसळत नाही, सावकाश उतरते, साधारण दर १६ मिनिटांना निम्मी होत. असा चढ-उतार बघून शरीरशास्त्रवाल्याच्या डोक्यात एकच विचार येतो, की रक्तात किंवा मेंदूत एखादं रसायन पाझरतंय.

मग ससे. सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतीचं पाणी काढून दुसऱ्या, सुई न लागलेल्या सशाच्या मेंदूत सोडलं, तर दुसऱ्या सशाचीही वेदना कमी झाली. हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत. शरीर स्वतःची अफू तयार करतं, याचा उलगडा तेव्हा व्हायचा होता. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये १९७५ साली एन्केफॅलिन सापडलं, आणि हान यांच्या सशांचा अर्थ लागू लागला. लगेच १९७६-७७ मध्ये उंदरांवर आणि माणसांवर दाखवलं गेलं की अफूचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं की सुईचा वेदनाशामक गुणही कमी होतो.

पुढे हान यांच्या गटाने दाखवलं की सुईतली वीज सेकंदाला दोन वेळा स्पंदत असेल तर एक प्रकारची रसायनं सुटतात, शंभर वेळा स्पंदत असेल तर दुसरी. म्हणजे बिंदू एकच, पण ताल बदलला की मेंदूचं उत्तर बदलतं. मला हे त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. कारण इथे पहिल्यांदा ‘मात्रा’ आली. मात्रा बदलली की परिणाम बदलतो हे दाखवता आलं, तेव्हाच कुठली गोष्ट वैद्यकात बसते.

अवांतर: न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स १९७१ मध्ये बीजिंगला सुया टोचून, भूल न देता काढलं, असं आजही लोक ठोकून देतात. तसं झालेलं नाही. शस्त्रक्रिया नेहमीसारखं बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन झाली. सुया लागल्या त्या नंतर, पोट फुगून अस्वस्थ वाटत होतं म्हणून. पण त्यांच्या लेखाने अमेरिकेत ॲक्युपंक्चरचं दार उघडलं ते उघडलंच.

शेंगदाणा

जुना_वाचक काका, दंडवत. ससे बिचारे.

सोलापूरकर_

चीन आणि सुयांचा विषय निघाला आणि सोलापूरचं नाव निघालं नाही असं होऊ देणार नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. नागपूरचे डॉ. चोळकर होते, कलकत्त्याचे डॉ. बिजॉय कुमार बसू होते. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच १९४२ मध्ये गेले.

ॲक्युपंक्चर भारतात कोटणीसांनी आणलं असं कधी कधी ऐकू येतं. ते सर्जन होते, आघाडीवर जखमींची ऑपरेशनं करत होते. सुया आणल्या त्या बसूंनी. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात उपचार आणि शिकवणं सुरू केलं. कोटणीसांच्या स्मृतीशी हे काम जोडलं गेल्यामुळे दोन नावांची गल्लत होते. लुधियानात तर कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालयच आहे. सोलापूरच्या माणसाला पंजाबात हे नाव वाचून किती बरं वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

सुईवाली

इतका वेळ नुसतं वाचत होते. कोल्हापुरात ॲक्युपंक्चर करते, नोंदणीकृत आहे. महाराष्ट्राने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि परिषद स्थापन केली. केंद्राने २००३ मध्ये याला नुसती एक उपचारतंत्र म्हणून परवानगी दिली होती, २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा भूलवाला डॉक्टर, आम्ही काही आडोशाला बसून सुया टोचत नाही. :)

चुंबकवाल्यांचा प्रश्न होता की असं काम आपल्याकडे का होत नाही. माझं उत्तर कडू आहे. आमच्यातल्या बहुतेकांना ते व्हायला नकोय. मनगटाच्या अभ्यासाबद्दल मी आमच्या एका बैठकीत बोलले, तर पहिला प्रश्न आला, ‘खोट्या गटालाही बरं वाटलं हे बाहेर सांगायची काय गरज?’ रुग्ण रांगेत असतात, दवाखाना चालतो, मग स्वतःचा कान स्वतः कोण पिळून घेणार?

पण दुसरी बाजूही सांगते. या चाचण्यांत प्रत्येक रुग्णाला ठरलेले तेच बिंदू, तेवढीच मिनिटं, तीच वीज. मी तसं कधीच करत नाही. गुडघेदुखीच्या दोन बायका आल्या तर एकीला गुडघ्याखालच्या झूसानली बिंदूवर सुई देईन, दुसरीची झोप गेलेली असेल तर आधी तिकडे बघेन. सुई टोचल्यावर रुग्णाला आत जडपणा, ठणका, भरल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि माझ्या बोटांना सुई धरल्यासारखी वाटली पाहिजे. तोवर मी ती फिरवते. स्कॅनरमध्ये हे कसं आणणार? नॅपॅडो स्वतः सुई धरणारे आहेत म्हणून विचारते, त्यांनी याचा काही विचार केलाय का?

चुंबकवाला

केलाय, आणि म्हणूनच मला हा माणूस ‘दोन्हीकडचा’ वाटतो. सुई टोचल्यावर रुग्णाला नेमकं काय वाटतं, जडपणा, ठणका, मुंग्या, गरमपणा, हे वेगवेगळं मोजण्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नावली तयार केली आणि ती स्कॅनच्या अभ्यासांत वापरली. नुसत्या अभियंत्याला हे सुचलं नसतं.

शिवाय फायब्रोमायाल्जियावरचा २०२१ चा अभ्यास बघा. अंगभर दुखणं, झोप नाही, तपासण्या सगळ्या नॉर्मल, असे रुग्ण. एका गटाला सुईतून वीज, म्हणजे शरीराला खरीखुरी संवेदना. दुसऱ्या गटाला लेझरचा नुसता देखावा, काहीच जाणवत नाही. वेदना वीजवाल्या गटात जास्त कमी झाली. आणि त्यांच्या मेंदूत पायाच्या स्पर्शाचा भाग आणि इन्सुला, जिथे वेदनेची तीव्रता जोखली जाते, यांचा संवाद बदललेला दिसला. म्हणजे तुमचा ‘जडपणा आला पाहिजे’ हा आग्रह निव्वळ परंपरा नसावा.

प्रत्येकाला वेगळे बिंदू, हा प्रश्न मात्र राहतोच. त्याची चाचणी करता येते, पण रुग्ण खूप लागतात आणि पैसाही.

भूलवाला

सुईवाली ताई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. एक विनंती, छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात सुया देणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना खोलीचं भान ठेवायला सांगत जा. फुप्फुसाला भोक पडून दाखल झालेले रुग्ण मी पाहिलेत. क्वचित होतं, पण होतं.

आणि मला खरोखर हलवून गेलेला अभ्यास नॅपॅडोंचा नाही, चिउफू मा यांचा आहे, २०२१ चा, ‘नेचर’ मधला. उंदराच्या मागच्या पायात झूसानलीच्या जागी हलकी वीज दिली, तर मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींपर्यंत संदेश जातो आणि अंगातली सूज आणणारी रसायनं कमी होतात. पोटावरच्या बिंदूवर तेवढीच वीज देऊन हे होत नाही. का? कारण पायाच्या खोल पापुद्र्यात एका विशिष्ट जातीचे मज्जातंतू आहेत, पोटाच्या पापुद्र्यात ते नाहीत. ते तंतू काढून टाकले की परिणाम बंद. याला म्हणतात कार्यकारण. उंदरांपुरतं का होईना, ‘जागेला महत्त्व नाही’ हे माझंच वरचं वाक्य मला थोडं सैल करावं लागतंय. मेरिडियन, म्हणजे चिनी वैद्यकात हे बिंदू जोडणाऱ्या मानलेल्या वाहिन्या, मात्र अजूनही कुणाला सापडलेल्या नाहीत, त्या बाबतीत मी एक इंचही हलणार नाही.

सुईवाली

डॉक्टर, छातीच्या सुयांबद्दल शंभर टक्के मान्य. आडवी सुई आणि उथळ, हे आम्ही शिकाऊंना पहिल्या दिवशी सांगतो. मेरिडियनांचं म्हणाल तर माझ्यासाठी तो कुठे टोचायचं ते लक्षात ठेवायचा जुना नकाशा आहे. त्यावरून मी भांडत नाही.

चार्ल्सकाठी

बोस्टनहून. इथली थोडी जमिनीवरची माहिती. मॅसॅच्युसेट्समध्ये ॲक्युपंक्चरचा परवाना डॉक्टरांना परवाना देणारं मंडळच देतं. जानेवारी २०२० पासून मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, जुनाट कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चरचे पैसे देतो. ९० दिवसांत १२ वेळा, फरक पडत असेल तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही. फक्त कंबरदुखी. मनगट, मान, डोकं काही नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना इथले लोक ‘विमा सगळं देतो’ म्हणून घेऊन जातात आणि मग बिल येतं.

नॅपॅडोंचं एक काम कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. २०२० मध्ये त्यांच्या गटाने दोन स्कॅनर एकाच वेळी चालवले. एकात जुनाट वेदनेचा रुग्ण, दुसऱ्यात त्याच्यावर उपचार करणारी व्यक्ती. कॅमेऱ्यातून दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतात. रुग्णाच्या पायाला पट्ट्याने दाब देऊन वेदना होते, आणि उपचार करणाऱ्याच्या हातात सुईचा उपचार सुरू करायचं बटण. ज्या जोड्या आधी भेटल्या होत्या, नीट बोलल्या होत्या, त्यांच्या मेंदूत दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणारे भाग जास्त एकतालात चालले. चेहऱ्यावरचे भावही एकमेकांसारखे होत होते. आणि जिथे हा मेळ जास्त, तिथे रुग्णाला आरामही जास्त.

भूलवाला डॉक्टर, तुम्ही ‘खोट्या सुईनेही बरं वाटतं’ म्हणून जे बाजूला टाकता, त्यालाच या लोकांनी विषय बनवलं. मला वाटतं नॅपॅडोंच्या कारकिर्दीतली खरी झेप ही आहे. बहुतेक ॲक्युपंक्चरवाले प्लासिबो, म्हणजे खोट्या उपचारानेही बरं वाटणं, हा शब्द ऐकला की चिडतात.

भूलवाला

हा अभ्यास वाचला नव्हता. आज रात्री वाचतो. माझ्याकडेही ऑपरेशनच्या आधी पाच मिनिटं नीट बोललं की रुग्णाचा रक्तदाब खाली येताना दिसतो, आम्ही त्याला उपचार म्हणत नाही एवढंच.

पेठेतला

म्हणजे शेवटी प्रेमाने बोललं की बरं वाटतं, याला दोन-दोन एमआरआय लागले! आमच्या आजीला विचारायचं होतं.

शेंगदाणा

आजीला विचारलं असतं तर तिने सुंठ उगाळून लावली असती.

चिंताग्रस्त_आई

हा धागा लेकीला पाठवला, म्हणून विचारते. ती पुण्यात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला ॲक्युपंक्चर शिकायचं आहे आणि ‘मेंदूवर संशोधन’ही करायचं आहे. घरात सगळे म्हणतात, एक काहीतरी धर. असं दोन दगडांवर पाय ठेवून चालतं का?

चुंबकवाला

ताई, नॅपॅडोंचं बघून ‘चालतं’ असं सांगणं सोपं आहे, पण त्यांच्याकडे आधी एमआरआयचं पक्कं शिक्षण होतं, ते विसरू नका. सुई त्यावर आली. सुई आधी आणि मोजमाप नंतर, असा रस्ता फार अवघड, कारण दवाखाना एकदा सुरू झाला की परत विद्यार्थी व्हायला कोण जातं? माझं मत विचाराल तर फिजिओ पूर्ण करू दे, पदव्युत्तर शिक्षण वेदना किंवा मज्जासंस्थेशी संबंधित घेऊ दे, आणि त्यात संख्याशास्त्र मन लावून शिकू दे. सोबत एखाद्या नोंदणीकृत आणि प्रश्न विचारू देणाऱ्या ॲक्युपंक्चरिस्टकडे बसायला सुरुवात करू दे. मेंदूचं काम करायला स्वतःचा स्कॅनर लागत नाही. नसेच्या वेगाची चाचणी, वेदनेची पातळी मोजणं, हृदयाच्या ठोक्यांतला चढ-उतार, यावर आपल्या कॉलेजांतूनही चांगले प्रबंध होऊ शकतात.

सुईवाली

सुट्टीत कोल्हापूरला पाठवा तिला. प्रश्न विचारू देते. फक्त पहिले काही दिवस सुया स्वतःच्याच पायावर टोचून घ्याव्या लागतील.

भूलवाला

आणि काय मोजायचं ते सुई टोचायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं, ही सवय आत्ताच लाव म्हणावं. नंतर आकडे बघून मुद्दा ठरवणारे सगळ्या पॅथींत भरपूर आहेत, आमच्यातही.

चिंताग्रस्त_आई

सगळ्यांचे आभार. तिला वाचून दाखवलं. स्वतःच्या पायावर सुया टोचायला ती एका पायावर तयार आहे. संख्याशास्त्राचं नाव काढल्यावर मात्र उठून आत गेली. आता बोला.

चुंबकवाला

मग तर कोल्हापूरच्या आधी संख्याशास्त्राचाच क्लास लावा. शिकवणारं कुणी हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आमच्या विभागात एक जण आहे, चहावर शिकवतो.